शालेय स्नेहसंमेलनाची ‘पॅकेज’ सेवा : एक परीक्षण

शाळेचे वार्षिक स्नेहसंमेलन संपूर्णपणे बाहेरच्या संस्थेकडे सोपवण्याची पद्धत कोल्हापुरात आता चांगलीच रुळली आहे. मंडप, ध्वनी, प्रकाशयोजना, एलईडी पडदा, नृत्यदिग्दर्शक, भाड्याचे पोशाख, निवेदक आणि शेवटी चित्रफीत असे सगळे एकाच दरात पुरवणाऱ्या एका संस्थेला आमच्या माध्यमिक शाळेने यंदा हे काम दिले होते. सांस्कृतिक विभाग माझ्याकडे असल्यामुळे करारापासून मंडप उतरेपर्यंतचा सगळा व्यवहार जवळून पाहता आला. संस्थेचे नाव मुद्दाम देत नाही. अन्य शाळांतील सहकाऱ्यांशी बोलल्यावर त्यांचा अनुभवही फारसा वेगळा नसल्याचे दिसले, त्यामुळे हे लेखन एका संस्थेपेक्षा अशा प्रकारच्या सेवेचे परीक्षण म्हणून वाचावे.

तांत्रिक बाजू निर्विवाद चांगली आहे. ठरल्या वेळी सामान आले, वायरी पटांगणावर उघड्या न सोडता झाकून नेल्या, शेवटच्या ओळीतील पालकालाही संवाद स्पष्ट ऐकू गेले आणि रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावता येत नाही हा नियम आम्हाला आठवण करून द्यावा न लागता पाळला गेला. पोशाख धुतलेले होते, मापाचे होते आणि परत घेताना हरवलेल्या एखाद्या ओढणीवरून कोणी वाद घातला नाही. ज्यांनी पूर्वी प्रत्येक गोष्टीसाठी वेगळ्या दुकानाचे उंबरे झिजवले आहेत, त्यांना या सोयीची किंमत सांगायला नको. शिक्षकांचे श्रम वाचतात, हा संस्थेचा दावा खरा आहे.

अडचण सुरू होते ती मुलांच्या निवडीपासून. नृत्यदिग्दर्शक आले, त्यांनी वर्गावर्गातून चटकन पावले उचलणारी मुले वेचली आणि त्याच मुलांना तीन-तीन नृत्यांत उभे केले. त्यांच्या दृष्टीने हे बरोबरच होते, कारण त्यांना थोड्या दिवसांत देखणा कार्यक्रम बसवायचा होता आणि चित्रफितीत तोच दिसणार होता. उरलेल्या मुलांना मात्र खुर्च्यांवर बसून टाळ्या वाजवण्याखेरीज काम राहिले नाही. पूर्वी पडदा ओढणारा, रंगभूषेचा डबा सांभाळणारी, पाहुण्यांना पाणी देणारा, फलकलेखन करणारी अशी कितीतरी मुले संमेलनात गुंतलेली असत; ती सगळी कामे आता संस्थेची माणसे करतात, आणि अर्थातच अधिक सफाईने करतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कॅरल गुडनाऊ यांनी १९९३ मध्ये विद्यार्थ्याला शाळा कितपत आपली वाटते हे मोजण्यासाठी १८ विधानांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. माझे म्हणणे येथे गांभीर्याने घेतले जाते का, मला जे चांगले जमते ते कोणाच्या लक्षात येते का, मोकळेपणाने बोलता येईल असे निदान एक मोठे माणूस शाळेत आहे का, अशा स्वरूपाची ती विधाने आहेत. त्या कसोट्यांवर आमचे संमेलन मंचावरच्या मुलांपुरते यशस्वी झाले.

वेळेचा प्रश्न याहून गंभीर आहे. एलईडी पडदा आणि रंगीत प्रकाशझोत उजेडात खुलत नाहीत, म्हणून संस्थेने कार्यक्रम सायंकाळी सातचा ठरवला. आमच्याकडे करवीर आणि पन्हाळा तालुक्यांतील गावांतून एसटीने येणारी मुले पुष्कळ आहेत; अहिल्याबाई होळकर योजनेतील मोफत पासवर प्रवास करणाऱ्या मुलींची संख्या त्यांत मोठी आहे. परतीची गाडी चुकू नये म्हणून त्यांतील अनेक जणी पहिले नृत्य संपण्याआधीच दप्तरे उचलून स्थानकाकडे निघाल्या. खेड्यातील मुलांना शहरात राहून शिकता यावे म्हणून राजर्षी शाहू महाराजांनी ज्या कोल्हापुरात १९०१ पासून वसतिगृहांना आश्रय दिला, तेथेच शाळेचा सर्वांत मोठा समारंभ गावाकडच्या मुलींच्या गाडीची वेळ न पाहता ठरावा, हे मला तरी पटले नाही.

निवेदकाबद्दलही लिहिले पाहिजे. आवाज उत्तम, विनोद तयार. परंतु फिशपाँडची, म्हणजे मुलांनी एकमेकांवर लिहिलेल्या गमतीच्या चिठ्ठ्यांची, पेटी त्याने जशीच्या तशी फोडली. एरवी वर्गशिक्षक चिठ्ठ्या आधी वाचून रंगावरून, जाडीवरून किंवा घरच्या परिस्थितीवरून लिहिलेल्या बाजूला काढतात. त्या दिवशी अशी एक चिठ्ठी ध्वनिक्षेपकावरून गेली आणि सातवीतील मुलगी मान खाली घालून बसून राहिली. मुलांना न ओळखणाऱ्या माणसाच्या हाती हे काम देऊच नये.

आनंद बाजाराविषयी थोडक्यात सांगायचे तर, संस्थेने पॉपकॉर्नचे यंत्र आणि उड्या मारण्याची हवा भरलेली मोठी गादी आणली. मुले गिऱ्हाईक झाली. स्वतः भेळ आणि भडंग कालवून विकण्यात आणि गल्ल्याचा हिशेब जुळवताना भांडण्यात जो आनंद असतो, तो यात नव्हता.

या सगळ्यात मला सर्वांत आवडलेली गोष्ट करारात कोठेच नव्हती. ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्या तरुणाने तालमीच्या वेळी भोवती घुटमळणाऱ्या नववीतील दोन मुलांना हाकलून न देता जवळ बसवले. मिक्सरच्या कळांखाली पांढरी चिकटपट्टी लावून तिच्यावर ‘निवेदक’, ‘पेटी’, ‘हलगी’ असे त्यांच्याकडून लिहून घेतले आणि कोणती कळ केव्हा खाली ओढायची ते दाखवले. कार्यक्रमात मर्दानी खेळाचे पथक मंचावर आले तेव्हा हलगीचा आवाज त्यांपैकी एकाने वाढवला. हा मुलगा महिन्यातून निम्मे दिवस गैरहजर असे. तालमीच्या काळात मात्र तो रोज येत होता आणि वर्गही चुकवत नव्हता. त्या तरुणाला आपण काही विशेष केले असे वाटलेही नसेल.

ज्या शाळा अशी सेवा घेण्याच्या विचारात असतील त्यांनी यंत्रसामग्री, मंडप आणि पोशाख निःशंकपणे घ्यावेत. नृत्यदिग्दर्शक घ्यायचा असल्यास प्रत्येक वर्गाचा निदान एक कार्यक्रम आणि एका मुलाला एकच नृत्य, ही अट लेखी असावी. निवेदन, पडदा, रंगमंचव्यवस्था आणि बाजार विद्यार्थ्यांकडेच ठेवावेत आणि संस्थेच्या प्रत्येक तंत्रज्ञासोबत दोन विद्यार्थी मदतनीस असतील, असे करारातच नमूद करावे. पुढील वर्षीच्या बोलणीत आम्ही या अटी मांडल्या, कार्यक्रम सकाळी दहाला ठेवला आणि एलईडी पडदा वगळला. संस्थेने फारशी खळखळ न करता ते मान्य केले, शिवाय पडदा गेल्याने दरही बराच उतरला. यंदाच्या सेवेला मी पाचपैकी तीन गुण देईन. त्यांतील एक पूर्णपणे त्या ध्वनितंत्रज्ञाचा आहे.