जुनी जिप्सी की जुनी जीप: अंगणात कोणती खोलावी?

मागच्या पंधरवड्यात लातूरहून भाच्याचा फोन आला. "मामा, दोन्ही गाड्या बघून आलो. एक जिप्सी किंग आहे, नव्व्याण्णवची, कार्बोरेटरवाली. दुसरी महिंद्राची जीप, पाचशेचाळीस, ब्याण्णवची. चिंचेखाली उभी आहे, चार वर्षं सुरूच केली नाही म्हणतात. कोणती घेऊ? आणि काम घरीच करायचंय, गॅरेजला टाकायची नाही."

मी अकरा वर्षं एमएम ५४० वापरली, आता सहा वर्षं जिप्सी आहे. दोन्ही अंबाजोगाईत घराच्या अंगणात खोलल्या, दोन्हींनी बायकोची तुळस एकेकदा मोडली. अनुभवातून झालेलं माझं मत आधीच सांगून टाकतो: जिप्सी एकट्याने दुरुस्त करायची गाडी आहे, आणि जीप चार जणांनी. बाकी सगळं या एका गोष्टीच्या मागून येतं.

वजन आणि पाने

मारुतीने जिप्सी १९८५ च्या डिसेंबरात आणली तेव्हा तिला ९७० सीसीचं पेट्रोल इंजिन होतं. १९९६ ला किंग आली ती १३०० सीसीची, आणि २००० च्या आसपास कार्बोरेटर (हवा-पेट्रोल मिसळणारा भाग) जाऊन एमपीएफआय, म्हणजे पेट्रोल मोजून फवारणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, आलं. अख्खी गाडी टनाच्या आसपास. किंगचं इंजिन ॲल्युमिनिअमचं, गिअरबॉक्स हलका, ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी, वेगळी आणि मध्ये छोटा शाफ्ट. त्यामुळे क्लच प्लेट बदलायची तर एक जॅक, एक पोरगा आणि रविवारची सकाळ पुरते. नट सगळे मिलिमीटरचे. दहा, बारा, चौदा, सतरा एवढे पाने हाताशी असले की निम्मी गाडी उघडते.

पाचशेचाळीसचं तसं नाही. तिचं २११२ सीसीचं प्युजो डिझेल इंजिन लोखंडी ब्लॉकचं, चेन-कप्पीशिवाय हलत नाही. आम्ही पहिल्यांदा कप्पी कडुलिंबाच्या फांदीला बांधली. फांदी तुटली नाही, पण इंजिन अधांतरी लोंबत असताना ती इतकी सावकाश वाकत खाली आली की चौघांनी श्वास धरून तिच्याकडे बघत राहावं. त्यानंतर मी लोखंडी पाइपांची तिकाटी करून घेतली. गोठ्याच्या आढ्याला कप्पी बांधायचा विचार करत असाल तर आढं कधीचं आहे ते वडिलांना विचारा.

पान्यांचीही गंमत आहे. जीपच्या बॉडीचे, चासीचे, ॲक्सलचे बहुतेक नट इंचाचे, जुने मिस्त्री सुतात मोजतात ते (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). इंजिन मात्र फ्रेंच घराण्याचं, म्हणून मिलिमीटरचं. म्हणजे एकाच गाडीला पान्यांचे दोन संच. चार सुती नटाला तेरा नंबरचा पाना चालून जातो, सहा सुतीला एकोणीस अगदी बसतो. पण साडेचार सुतीला, म्हणजे ९/१६ ला, चौदा जात नाही आणि पंधरा फिरतो. पंधरा वापरून नटाच्या कडा गोल केलेली जीप बघितली की आधीच्या मालकाची घाई कळते. इंचाच्या गोट्यांचा, म्हणजे सॉकेट पान्यांचा, संच आधी घ्या, जीप नंतर.

मदतीला कोण आहे

हा मुद्दा सगळ्यात मोठा, म्हणून जरा थांबतो.

केज, धारूर, परळी, कंधार कुठेही जा, डिझेल इंजिन कळणारा माणूस दोन किलोमीटरच्या आत सापडतो. ट्रॅक्टरने ते शिकवलंय. टाकी कोरडी पडून लाईनमध्ये एअर आली तर ती काढायला शेतकऱ्याला मिस्त्री लागत नाही, दहावीतलं पोरगं स्क्रू ढिला करून हातपंप मारून मोकळं होतं. महिंद्राच्या मेजरमध्ये आणि पुढच्या कितीतरी गाड्यांत डीआय इंजिन (डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारणारं) होतं, ते तर कंपनीच्या ट्रॅक्टरच्याच नात्यातलं. आमच्या गल्लीतल्या मिस्त्रीने ते पहिल्यांदा पाहिलं आणि म्हणाला, "सर, हे तर आपलंच हाय की!" प्युजोचं इंजिन थोडं नाजूक मिजाशीचं, त्याला सकाळी हीटर प्लग तापू द्यावे लागतात. डीआय पहिल्या सेल्फला उठतं आणि अख्ख्या आळीलाही उठवतं.

सामानाचंही तसंच. कमांडर, मार्शल, मेजर, अरमाडा या सगळ्या एकाच कुळातल्या. मराठवाड्याच्या रस्त्यांवर वर्षानुवर्षं काळीपिवळी म्हणून धावून दमलेल्या कमांडर प्रत्येक तालुक्याच्या भंगारात आहेत. हबपासून स्टिअरिंगच्या पेटीपर्यंत तिथे मिळतं. पत्रा सडला तर ट्रॉली बनवणारा वेल्डरही जीपची फ्लोअर करून देतो, कारण जीपचा पत्रा बहुतेक सरळ, सपाट. जिप्सीच्या पत्र्याला घडी आहे, वळण आहे, तिथे चांगला डेंटरच लागतो आणि तो शहरातच भेटतो.

जीपचं एकच काम घरी होत नाही: डिझेल पंप. त्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे डिझेलचं माप जुळवणं, पंपाच्या टेस्ट बेंचवरच होतं. घरी उघडून "फक्त सील बदलतो" म्हणणाऱ्याला बसवून चहा पाजा आणि पाना काढून घ्या.

जिप्सी गावात अनोळखी असते. तिच्याभोवती माणसं जमतात ती बघायला, हात लावायला कचरतात. पण तिचं इंजिन मारुतीच्याच जुन्या एस्टीम कारच्या घराण्यातलं, त्यामुळे बरेच सुटे भाग सामाईक आहेत आणि लातूर, नांदेड, संभाजीनगरात मिळतात. कार्बोरेटर मात्र दुखणं आहे. तो नीट बसवणारे हात कमी होत चालले आहेत, आणि पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, ते जुन्या रबराला आणि डायफ्रॅमला मानवत नाही. जुनी जिप्सी आणली की पहिल्याच आठवड्यात पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या बदला, आणि टाकी भरून गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नका, हे पेट्रोल ओल धरतं. डिझेलला एवढे लाड नाहीत. एमपीएफआय जिप्सी मिळाली तर ती घ्या, जरा महाग पडली तरी.

ऊन, पाणी, चिखल

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या पुढे जातो. जीपचं जड इंजिन तापलं तर आधी कुरकुरतं. जिप्सीचं ॲल्युमिनिअमचं हेड तापलं तर वाकतं. माझं वाकलं, आणि चूक सगळी माझी: दोन उन्हाळे रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतत होतो. आपल्या बोअरच्या पाण्याने घागरीच्या तळाला जो पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. आता इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट, दुसरं काही नाही. जीपवाल्यांनीही हेच करावं, पण त्यांना शिक्षा उशिरा होते.

काळ्या मातीत जिप्सी सरस, यात मला शंका नाही. जून-जुलैत शेतरस्त्यावर चिखल टायर आणि मडगार्डच्या मधे इतका घट्ट भरतो की चाक फिरायचंच थांबतं. अशा वेळी वजन कमी असलेली गाडी वरवर निघून जाते आणि रुतली तरी चौघे ढकलून काढतात. रुतलेल्या जीपला ट्रॅक्टर बोलवा. तिची ताकद बुडाला आहे, ओढायला, चढायला, भरल्या ट्रॉलीला हात द्यायला. कागदावर दोन्ही साठ एचपीच्या आसपास आहेत, पण जिप्सीला ते इंजिन पळवून काढावे लागतात, जीप ते चालता चालता देते.

जीपचा मूळ टायर ६.००-१६, आणि ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकालाही हाच आकार असतो. त्यामुळे ट्रॅक्टरचा धारेचा टायर जीपला चढवलेले महाभाग मी पाहिले आहेत. तो टायर शेतातल्या वेगासाठी बनतो. अंबाजोगाई-लातूर रस्त्यावर साठने जायला नाही.

ब्रेकचं मात्र स्पष्ट सांगतो. पाचशेचाळीसला चारी ड्रम. धारूरच्या घाटात उतरताना पाय जड आणि ब्रेक हलका होत जातो तेव्हा देव आठवतो. खालच्या गिअरमध्ये उतरायची सवय असेल तर भागतं. जिप्सी किंगला पुढे डिस्क आहेत, घरचे लोक सोबत असतील तर मला तीच बरी वाटते.

बघायला जाल तेव्हा

जीप "फोर बाय फोर आहे" हे मालकाच्या तोंडचं ऐकून घेऊ नका. पुष्कळशा जीप दोन चाकांवरच चालणाऱ्या आल्या, आणि काहींचा पुढचा शाफ्ट कधीच काढून भंगारात गेलाय, लिव्हर तेवढी शिल्लक. मोकळ्या मातीत नेऊन फोर व्हील टाका, मित्राला खाली उभं करून पुढची चाकं माती उकरतात का ते बघायला सांगा. डांबरी रस्त्यावर ही चाचणी करू नका. दोन्ही गाड्यांना पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या मधे, दोन्हींना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफरन्शियल नसतं, कोरड्या रस्त्यावर वळलात की ताण गिअरवर जातो.

जिप्सीला खिशात लोहचुंबक न्या. चिकटलं नाही तिथे लांबी (पुट्टी) भरलेली आहे. मॅट उचला, मागच्या चाकावरचा पत्रा बघा, बॉडी चासीला जिथे बसते त्या जागा बघा. आपल्याकडची कोरडी जिप्सी आणि कोकणात, मुंबईत वाढलेली जिप्सी यांत जमीन-अस्मानाचा फरक. पन्नास-साठला स्टिअरिंग थरथरत असेल तर मालक स्टिअरिंग डँपर (हादरे शोषणारा दांडा) बदलून देतो म्हणेल. त्याने थरथर लपते, जात नाही. दोष बहुधा चाकाच्या नाहीतर किंगपिनच्या (पुढचं चाक ज्यावर वळतं ती खीळ) बेअरिंगमध्ये असतो. हे काम घरी होतं, फक्त शिम (पातळ चकत्या) मोजून टाकायची चिकाटी हवी.

आणि घोडीखाली, म्हणजे गाडी उचलून टेकवायच्या लोखंडी स्टँडखाली, शहाबादी फरशी ठेवू नका. माझी दुभंगली, गाडी चार बोटं खाली आली, मी नशिबाने बाहेर होतो. बाभळीचा जाड ठोकळा ठेवा.

बदल किती करावे

भाच्याला मोठी चाकं आणि उंच जिप्सी हवी आहे. जिप्सीच्या कमानी (पाट्यांच्या स्प्रिंगा) ॲक्सलच्या खालून जातात, त्या वरून बसवल्या की गाडी एकदम उंच होते. काम वेल्डिंगचं, दोन दिवसांचं. पण मग स्टिअरिंगचा रॉड तिरका होतो, ब्रेकचा पाइप तोकडा पडतो, जोर दिला की कमानी पिळवटतात. हे तीन प्रश्न सोडवायची तयारी नसेल तर मूळ उंचीच ठेवा. जीपला पॉवर स्टिअरिंग आणि पुढे डिस्क हे दोन बदल करण्याजोगे, बाकी दिव्यांची आरास.

आरटीओचा विचार आधी करा, नंतर नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल चालत नाही, २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. इंजिन बदलायचं तर परवानगी आणि आरसीवर नोंद. आरसीतला इंजिन नंबर आणि ब्लॉकवरचा नंबर जुळत नसेल तर पासिंग विसरा, आणि जुन्या जीपमध्ये हे इतकं सर्रास आहे की मी आधी टॉर्च घेऊन नंबर बघतो, मग गाडी. पुढचं लोखंडी बुलबार २०१७ पासून बंद. लष्करी हिरवा रंग तर खासगी गाडीला चालतच नाही, कितीही शोभला तरी. पंधरा वर्षांनंतर नोंदणी पाच-पाच वर्षांनी नवी करायची. २०२२ पासून त्याची फी ५,००० रुपये झाली आणि २०२५ पासून वीस वर्षांपुढच्या गाडीला १०,०००. पर्यावरण कर आणि नवी नंबरप्लेट वेगळी. भाच्याच्या दोन्ही गाड्या वीसच्या पुढच्या, म्हणजे इथे बरोबरी. दिल्लीतल्या दहा वर्षांच्या डिझेलबंदीची भीती मात्र इथे नको, ती आपल्याला लागू नाही.

पैशांचा माझा ठोकताळा एकच: जेवढ्याला गाडी तेवढेच तिच्यावर. जिप्सी बंद झाल्यापासून तिचे भाव चढलेत, म्हणून हा आकडा जिप्सीला जास्त टोचतो. पेट्रोलही. माझी लिटरला दहाच्या आसपास देते, कधी तेही नाही.

हे सगळं ऐकून भाचा म्हणाला, "मामा, नेमकं काय करू ते सांगा ना."

मी विचारलं, "गाडी उभी कुठे करणार? गावाकडं का लातुरात?"

"लातुरात. सोसायटीच्या पार्किंगमध्ये. शनिवार-रविवार मीच काय ते करीन."

"मग जिप्सी घे," म्हणालो. "आणि त्या चिंचेखालच्या जीपवाल्याचा नंबर मला पाठव."