घराखालची ड्रेनेज लाईन: अर्धी रिलाइन केली, अर्धी बदलली. 16 महिन्यांनंतरचा अनुभव

नाशिकला गंगापूर रोडच्या बाजूला आमचं 1984 सालचं घर आहे. मागच्या संडास-बाथरूमपासून घराच्या पोटातून पुढच्या अंगणात येणारी ड्रेनेज लाईन 6 इंची स्टोनवेअरची, म्हणजे भाजलेल्या मातीच्या चकचकीत पाइपांची. एकेक पाइप दोन फुटांचा. घराखालच्या 28 फुटांत असे चौदा तुकडे आणि प्रत्येक सांध्यात सुतळी न् सिमेंट. अंगणात मोठा उंबर. आई त्याला रोज पाणी घालते, प्रदक्षिणा घालते, त्यामुळे झाड तोडायचा विषय आमच्याकडे निघालाच नाही. पण उंबराची मुळं पाण्याच्या मागे किती लांब जातात ते आम्ही त्या पाइपांत पाहिलं.

दर दीड-दोन महिन्यांनी लाईन तुंबायची. कामट्या घालायच्या, मुळांचा ओला झुबका बाहेर ओढायचा, की पुन्हा काही आठवडे सुटका. शेवटी दोघांकडून सल्ला घेतला. नेहमीचा प्लंबर म्हणाला, सगळं फोडून पीव्हीसी टाका. रिलाइनिंगवाला, म्हणजे जुन्या पाइपाला आतून नवं अस्तर बसवणारा, म्हणाला, काहीच फोडू नका, सगळं आतून करतो. दोघांनीही आत काय आहे ते न बघताच सांगितलं होतं, म्हणून आधी जेटिंग करून, म्हणजे जोरदार दाबाच्या पाण्याने, लाईन धुतली आणि कॅमेरा घातला.

त्या अर्ध्या तासाने सगळा निर्णय झाला. घराखालच्या भागात सांधे उघडे होते, दोन ठिकाणी पाइपाला तडे होते, मुळं लोंबत होती. पण पाणी वाहून जात होतं, उतार शाबूत होता. मधल्या चेंबरपासून गेटच्या चेंबरपर्यंतच्या 18 फुटांत मात्र कॅमेरा चक्क पाण्याखाली गेला. आमच्याकडे काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्याबरोबर पाइप खालीवर होतात. तिथे मधोमध पाइप खचून खोलगट भाग झाला होता. रिलाइनिंगचं अस्तर जुन्या पाइपाच्या आकाराला चिकटून बसतं. पाइप खचलेला असेल तर अस्तरही तसंच खोलगट बसणार आणि मैला तिथेच साचणार. म्हणून घराखाली रिलाइनिंग आणि अंगणात खोदकाम असं ठरवलं. रिलाइनिंगचा फुटामागचा दर आम्हाला खोदून नवा पाइप टाकण्याच्या जवळजवळ दुप्पट पडला, पण मधल्या खोलीची जुनी मोझॅक फरशी फोडणं आणि पुन्हा बसवणं हिशेबात धरलं तेव्हा फरक फारसा उरला नाही. तशी फरशी आता मिळतही नाही.

रिलाइनिंगचं काम मी पूर्ण वेळ उभं राहून पाहिलं. नमद्यासारख्या जाड कापडाची लांब पिशवी, तिच्यात इपॉक्सी रेझिन ओतून रोलरने सारखं पसरवलं. कारागीर सकाळी सातलाच आले होते, कारण ऊन वाढलं की रेझिन डब्यातच घट्ट व्हायला लागतं. उरलेला डबा मी हातात घेतला तर चहाच्या कपासारखा गरम लागत होता. मग कॉम्प्रेसरच्या हवेने पिशवी मोजा उलटावा तशी उलटत पाइपात शिरली आणि रेझिनची बाजू जुन्या पाइपाला चिकटली. संध्याकाळपर्यंत पाणी सोडायचं नाही असं सांगितलं होतं. आम्ही रात्रभर सोडलं नाही. अस्तराची जाडी सुमारे 4 मिमी, त्यामुळे पाइप आतून 8 मिमीने कमी झाला. वापरताना त्याने काहीही जाणवलं नाही.

चुकलं ते बाथरूमच्या जोडावर. अस्तर बसलं की मध्ये मिळणाऱ्या पाइपांची तोंडं बंद होतात, ती नंतर कापून उघडावी लागतात. आमच्या ठेकेदाराने बाथरूमच्या बाजूने कटर घालून तोंड उघडलं, पण कड खडबडीत ठेवली. तीन महिन्यांत तिथे केस आणि कपड्यांचे धागे अडकून नहाणी ट्रॅपमधून पाणी वर आलं. पुन्हा यायला त्याने बारा दिवस लावले. त्या बारा दिवसांत आईला पुढच्या बाथरूममध्ये चढ-उतार करायला लागली, याचा मला अजून राग आहे. कड घासून घेतल्यापासून तक्रार नाही. तुम्ही करून घेणार असाल तर प्रत्येक जोड उघडल्यानंतरचा कॅमेऱ्याचा व्हिडिओ बघितल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.

अंगणातलं काम जुन्या पद्धतीचं. विटकरी रंगाचा जाड पीव्हीसी पाइप, जमिनीखालच्या ड्रेनेजसाठी मिळतो तोच. 6 इंची लाईनला साधारण साठात एक उतार धरतात, म्हणजे 18 फुटांत साडेतीन इंच. गवंड्याने नळीच्या लेव्हलने तो तीनदा तपासला. खाली काळी माती काढून वाळूचा थर दिला. पण वरची भर त्याने धुम्मस न करता ओढून टाकली, आणि पहिल्या पावसाळ्यात पेव्हर ब्लॉक हातभर रुंदीत खाली बसले. पाइपाला काही झालं नाही. ब्लॉक उचलून मुरूम भरून पुन्हा बसवावे लागले.

खरी परीक्षा जुलैत झाली. पूर्वी जोराचा पाऊस झाला की घरात कुणीही पाणी वापरत नसताना मधल्या चेंबरमध्ये स्वच्छ पाण्याची धार यायची. ते जमिनीतलं पाणी सांध्यांतून आत शिरत होतं. यंदा रात्री साडेअकराला, सगळे झोपल्यावर, छत्री आणि टॉर्च घेऊन मी चेंबरचं झाकण उचललं. दिवसभर पाऊस कोसळत होता. दोन्ही पाइपांची तोंडं कोरडी होती. मी दहा मिनिटं तशीच बघत उभी राहिले.

16 महिन्यांत मुख्य लाईन एकदाही तुंबली नाही. आम्ही ॲसिड पूर्ण बंद केलं आहे, आणि तुंबलेला पाइप मोकळा करायची आकड्यांची स्प्रिंग रिलाइन केलेल्या भागात घालू द्यायची नाही हे घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय.

गेल्या आठवड्यात पुन्हा कॅमेरा घातला. अस्तर गुळगुळीत आहे, कुठे सुटलेलं नाही. मागच्या वळणावर एक बारीक सुरकुती आहे ती पहिल्या दिवसापासून तेवढीच आहे. मूळ दिसलं ते एकच, दोऱ्याएवढं, आणि तेही पाइपात नव्हतं. मधल्या चेंबरच्या विटांच्या सांध्यातून आत आलं होतं. चेंबर 1984 चेच आहेत, त्यांच्याकडे आम्ही कुणी लक्षच दिलं नव्हतं. दिवाळीआधी दोन्ही चेंबर आतून खरवडून वॉटरप्रूफ प्लास्टर करून घेणार आहोत.