इंजिन न उघडताच ‘बांधून’ मिळालं

गाडी ऑइल खाते हे मला धुरावरून नाही, तेल मोजायच्या पट्टीवरून कळलं. ऑइल बदलून जेमतेम १००० किलोमीटर झाले होते आणि डिपस्टिकवर तेल खालच्या खुणेशी टेकलेलं. वरच्या खुणेपर्यंत आणायला जवळजवळ एक लिटर लागलं. गाडी उभी असते तिथे जमिनीवर थेंब नव्हता, म्हणजे गळती नव्हती. तेल आतच जळत होतं. सकाळी पहिल्यांदा चालू केली की मागून निळसर धुराचा एक भपकारा यायचा, मग थांबायचा.

गॅरेजवाल्याने सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवलं, काळं झालेलं बोट मला दाखवलं आणि म्हणाला, “ताई, रिंगा गेल्यात. इंजिन बांधावं लागेल. असंच चालवलं तर बेअरिंग जाईल, मग नवीन इंजिन.” रिंगा म्हणजे पिस्टनभोवतीच्या कड्या, आणि इंजिन बांधणं म्हणजे ते उघडून दुरुस्त करणं. घाबरवायला तेवढं पुरलं. धूर कधी येतो, किती किलोमीटरला किती तेल जातं, यातलं काही त्याने विचारलं नाही. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासलं नाही. स्पार्क प्लगसुद्धा काढून पाहिला नाही. मी हो म्हटलं, आणि माझी पहिली चूक ती.

चौथ्या दिवशी गाडी मिळाली. बिलावर रिंग सेट, गॅस्केट किट, इंजिन ऑइल, फिल्टर आणि भलीमोठी मजुरी. सोबत कागदात गुंडाळलेल्या जुन्या काळ्या रिंगा. धूर खरोखर बंद झाला होता आणि आवाजही जरा दबलेला वाटत होता. मी समाधानाने घरी आले.

दीड महिन्यात तेल पुन्हा खालच्या खुणेवर आलं. त्याला फोन केला तर म्हणाला, “ताई, जुनी गाडी आहे, थोडं खाणारच.” मग मी दुसऱ्या मिस्त्रींकडे गेले. वयस्क माणूस, बोलणं कमी. त्यांनी बॉनेट उघडून बराच वेळ नुसतं पाहिलं आणि मला विचारलं, “हेड उघडलं होतं म्हणालात ना? मग बिलात कूलंट कुठंय?”

हेड म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, कूलंट म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव. हा प्रश्न मी आता सगळ्यांना सांगत फिरते. रिंगा बदलायच्या तर पिस्टन बाहेर काढावे लागतात. त्यासाठी वरून हेड आणि खालून ऑइलचा चेंबर उतरवावा लागतो. हेड उतरवायचं म्हणजे कूलंट आधी काढावंच लागतं. माझ्या टाकीत तेच जुनं, गढूळ कूलंट होतं. चेंबरच्या बोल्टांवरचा गंज जसाच्या तसा, एकाही बोल्टावर पान्याची खूण नाही. हेड गॅस्केटची कड वर्षानुवर्षांच्या मळाने माखलेली. मग त्यांनी त्या जुन्या रिंगा टेबलावर मांडल्या. कॉम्प्रेशनच्या रिंगा प्रत्येक पिस्टनला दोन. माझ्या गाडीला सिलिंडर तीन, म्हणजे हव्यात सहा. पुडीत आठ होत्या. कुठल्या तरी चार सिलिंडरच्या गाडीच्या रिंगा मी दीड महिना जपून ठेवल्या होत्या. त्या क्षणी पैशांपेक्षा जास्त लागलं ते हे, की त्याला मोजण्याचीही गरज वाटली नव्हती.

मग धूर बंद कसा झाला? त्यांनी ऑइल काढलं तेव्हा ते डिंकासारखं ओघळत होतं. पुस्तिकेत ५डब्ल्यू-३० हे पातळ तेल लिहिलेलं, आणि आत भरलं होतं त्यापेक्षा कितीतरी जाड, बहुधा वर घट्ट करणारं काहीतरी मिसळलेलं. जाड तेल फटींतून कमी झिरपतं, म्हणून काही दिवस धूर दबतो. पण थंड इंजिन चालू करताना तेच तेल वरच्या भागांपर्यंत उशिरा पोचतं आणि झीज वाढते. म्हणजे मी पैसे देऊन चांगल्या इंजिनाची झीज करून घेत होते! नव्या रिंगा बसवल्या असत्या तर पहिले काही शे किलोमीटर इंजिन ताणू नका, हेही कोणीतरी सांगितलं असतं. मला कोणी सांगितलं नव्हतं.

कॉम्प्रेशन तिन्ही सिलिंडरचं जवळजवळ सारखं आणि ठीक निघालं. मिस्त्री म्हणाले, यावरून रिंगा शंभर टक्के निर्दोष ठरत नाहीत, कारण तेल खरवडणारी खालची रिंग कार्बनने अडकली तरी कॉम्प्रेशन चांगलं दिसू शकतं. म्हणून आधी सोपं बघू. त्यांनी पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनात साचलेली वाफ पुन्हा हवेच्या वाटेत सोडणारी छोटी झडप, काढून हलवला. चांगला असेल तर खुळखुळतो. माझा मुका होता, उघडाच अडकलेला. इंजिनातली वाफ त्यातून तेलासकट ओढली जाऊन पेट्रोलबरोबर जळत होती. हवेच्या पाइपात आतून तेलाचा थर होता. पाच मिनिटांचं काम, बिलातल्या सगळ्यात किरकोळ रकमेचा भाग. सकाळचा भपकारा मात्र व्हॉल्व्ह सीलचा, म्हणजे हेडमधल्या झडपांवरच्या रबरी टोप्यांचा, रात्रभर तेल वरून झिरपतं म्हणून. तो थोडा अजून येतो.

आता मी सपाट जागेवर, थंड इंजिनाला, दर १००० किलोमीटरला पट्टी बघून वहीत लिहिते. काही कंपन्या तेवढ्या अंतराला अर्धा लिटर, काही तर एक लिटरही चालतं म्हणतात, तेव्हा आकडा हातात नसताना कोणाशी वाद घालता येत नाही. मागच्या वेळी दोनशे मिलिलिटरही लागलं नाही.

पहिल्या गॅरेजवाल्याकडे मी बिल, न उघडलेल्या बोल्टांचे फोटो आणि त्या आठ रिंगा घेऊन गेले. त्याने मजुरीचे पैसे परत दिले, रिंगांचे नाहीत. रिंगा तर तुम्हालाच दिल्यात, म्हणाला. लेखी तक्रार मी दिली आहे आणि पुडी तशीच ठेवली आहे.