पहिलीतल्या मराठी मुलासाठी खासगी शाळा: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

बेळगावातून खानापूर रोडला लागलं की पिरनवाडी-मच्छेच्या पट्ट्यात शाळांचे फलक एकामागून एक दिसतात. त्यांतल्या तीन खासगी शाळांच्या पहिली-दुसरीच्या वह्या, फीच्या पावत्या आणि पालकसभा जून ते जानेवारी सलग पाहून हे लिहिलं आहे. एक राज्य अभ्यासक्रमाची इंग्रजी माध्यमाची, दुसरी सीबीएसई, तिसरी जुन्या संस्थेची मराठी माध्यमाची. नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

प्रवेश घेताना सगळे माध्यम आणि बोर्ड विचारतात. आठ महिन्यांनी खरा फरक दिसतो तो कन्नडच्या तासाला. 2015 च्या कायद्यानुसार कर्नाटकातल्या प्रत्येक शाळेत, सीबीएसईतसुद्धा, कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकवावीच लागते. घरात कुणाला कन्नड लिहिता-वाचता येत नसेल, तर मुलाची सगळी भिस्त त्या एका तासावर.

मूल अडतं ते ठरावीक दोन जागी. मराठीत ए आणि ओ एकेकच. कन्नडमध्ये दोन-दोन, ऱ्हस्व आणि दीर्घ. 'कोडु'मधला ओ आखूड उच्चारला तर अर्थ 'दे', लांबवला तर 'शिंग'. मराठी कानाला दोन्ही सारखेच लागतात, म्हणून उक्तलेखनात, म्हणजे ऐकून लिहिण्यात, तिथेच फुल्या पडतात. दुसरी जागा जोडाक्षराची. आपल्याकडे पहिलं अक्षर अर्धं, दुसरं पूर्ण. कन्नडमध्ये पहिलं पूर्ण, दुसरं त्याच्या खाली ओत्तक्षर होऊन बसतं आणि स्वरचिन्ह मात्र वरच्या अक्षरालाच लागतं. 'अक्कि', म्हणजे तांदूळ, लिहिताना मूल वेलांटी खालच्या 'क'ला द्यायला जातं आणि सगळा शब्द बिघडतो.

इंग्रजी माध्यमाच्या शाळेने कागुणित, म्हणजे त्यांची बाराखडी, ऑगस्टमध्येच संपवलं. प्रत्येक ओळ दहा-दहा वेळा उतरवून घेतली. वह्या देखण्या आहेत, पण वहीतलाच शब्द फळ्यावर वेगळा लिहून दाखवला की वाचता येत नाही. सीबीएसईतल्या शिक्षिका कन्नड उत्तम शिकवतात, पण त्यांना मराठी येत नाही. अर्थ न कळलेलं मूल गप्प बसतं, आणि ते गप्प आहे हे चाळीसजणांच्या वर्गात लक्षात येत नाही. मराठी शाळेतल्या बाईंनी डिसेंबरपर्यंत वेळ घेतला. आधी ए-ओच्या जोड्या नुसत्या तोंडाने म्हणून घेतल्या, अर्थ मराठीतून सांगितला आणि मगच पाटीवर लिहायला लावलं. जानेवारीत तिथली मुलं बसवरच्या पाट्या वाचत होती. आमच्या मते या एका गोष्टीसाठी ती शाळा बाकी दोघींच्या पुढे आहे.

तिच्यातही उणिवा आहेत. दोन वर्गांवर पत्रे आहेत. जुलैत खानापूरकडचा पाऊस पत्र्यावर कोसळला की मागच्या बाकांपर्यंत आवाज पोचत नाही, आणि ते तास वाया जातात. इंग्रजी वाचन अशक्त आहे. अक्षरांची नावं पाठ, अक्षरांचे आवाज नाहीत. तेवढं घरी रोज पंधरा मिनिटं घ्यावं लागतं.

उलट बाकी दोन शाळांत मराठी वाचन पूर्णपणे घरावर येतं. राज्य अभ्यासक्रमात तिसरी भाषा सहावीपासून, तोवर देवनागरीशी गाठ नाही. पुढे बदली होऊन कोल्हापूरला जायची शक्यता असेल तर हे आताच धरा: महाराष्ट्रात 2020 च्या कायद्याने सगळ्या शाळांत मराठी सक्तीची आहे. आकड्यांचाही घोळ होतो. शाळेत 'ट्वेंटी फाइव्ह', कन्नडमध्ये 'इप्पत्तैदु', दोन्हीकडे वीस आधी. घरी 'पंचवीस', पाच आधी. घरी तोंडी विचारलं की मूल 52 लिहितं. ते कच्चं आहे असं समजून रागावू नका; आकडा बोलताना लिहूनही दाखवा.

फी विचारताना शिकवणी फी एवढाच आकडा घेऊ नका. पुस्तकं, दोन गणवेश, बूट, स्नेहसंमेलन आणि व्हॅन धरून वर्षाची बेरीज मागा; व्हॅनचे पैसे दहा महिन्यांचे की अकरा, तेही विचारा. शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) 25 टक्के राखीव जागांवर विसंबू नका. 2019 पासून कर्नाटकात जवळपास सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेत ती जागा मिळत नाही.

मान्यतेचा कागद मात्र स्वतः वाचा. मान्यता कितवीपर्यंत आणि कोणत्या माध्यमाची आहे, दोन्ही त्यात असतं. पाचवीपर्यंतचीच असेल तर सहावीला पुन्हा शोधाशोध. फलकावर सीबीएसई असेल तर संलग्नता क्रमांक मंडळाच्या संकेतस्थळावर टाकून बघा.

शाळा बघायला जाल तेव्हा संगणक कक्ष दाखवतील, तो बघाच. त्यानंतर दुसरीतल्या मराठी घरच्या मुलांच्या तीन कन्नड वह्या मागा. उतरवलेली पानं सोडून उक्तलेखनाची पानं उघडा. चूक नुसती खोडली आहे की शेजारी बरोबर शब्द लिहून घेतला आहे, आणि तोच शब्द पुढच्या आठवड्यात पुन्हा घातला आहे का, ते पाहा. वही दाखवायला टाळाटाळ झाली तर तिथे फॉर्म भरू नका.