कार्सिनोसार्कोमाची जीन टेस्ट: ब्लॉकवरून की रक्तावरून?

मावशीचं गर्भाशयाच्या कार्सिनोसार्कोमा या कॅन्सरचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टर म्हणाले जीन पॅनल, म्हणजे गाठीतले बरेच जीन एकदम तपासणारी टेस्ट, करून घ्या. काढलेल्या गाठीच्या ब्लॉकवरून (मेणात जपलेल्या तुकड्यावरून) करायचं की नुसतं रक्त देऊन, हा प्रश्न तुमच्याही घरात असेल तर आमचा अनुभव सांगतो, शेवटचा शब्द अर्थात तुमच्या डॉक्टरांचा.

रक्ताचं फार सोपं, माणूस कोथरूडला घरी येऊन दोन ट्यूब घेऊन गेला, म्हणून आम्ही आधी तेच केलं. रिपोर्ट आला, जीनमध्ये एकही बदल सापडला नाही. घरात सगळ्यांना हायसं वाटलं, मावशीने देवापुढे साखर ठेवली. डॉक्टर मात्र म्हणाले की गाठ काढून टाकलीय, आता रक्तात तिचा डीएनए सापडेलच असं नाही, त्यामुळे कोऱ्या रिपोर्टवरून बदल नाहीत असं म्हणता येत नाही. शिवाय या कॅन्सरमध्ये टीपी५३ हा पेशींची बेसुमार वाढ रोखणारा जीन शाबूत असणं हेच नवल, अमेरिकेतल्या टीसीजीए या कॅन्सरच्या जीनचा अभ्यास करणाऱ्या प्रकल्पाने २०१७ साली ५७ गाठींचा अभ्यास छापला त्यात जवळपास ९० टक्के गाठींत तो बिघडलेला होता. मग मावशीला जाऊन सांगावं लागलं की अजून काहीच कळलेलं नाही. ते सांगणं फार जड गेलं, माझं मत तिथेच बनलं.

ब्लॉकला खेपा पडतात हे खरं. अर्ज, ओळखपत्र, पॅथॉलॉजीच्या खिडकीवर तीनदा गेलो. हातात येतो तो प्लास्टिकच्या चौकटीतला मेणाचा तुकडा, आत नखाएवढी गाठ, कडेला पेन्सिलने नंबर. मे महिना होता, मेण मऊ पडू नये म्हणून गाडीच्या डिकीत न टाकता डब्यात आईस पॅकसोबत ठेवून रिक्षाने नेला. पण त्यात टीपी५३ मधला बदल सापडला, पीआयके३सीए या दुसऱ्या जीनमधला पण, आणि त्याच ब्लॉकच्या स्लाइडवर एमएमआर (डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी प्रथिनं) आणि हर२ (पेशीवरचं वाढीचं प्रथिन) यांची तपासणी सुद्धा झाली, इम्युनोथेरपीचा (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरविरुद्ध कामाला लावणाऱ्या उपचाराचा) विषय निघाला की एमएमआर विचारतातच.

या कॅन्सरमध्ये कार्सिनोमा आणि सार्कोमा अशा दोन तऱ्हेच्या पेशी दिसतात, पण बहुतेक वेळा दोन्ही एकाच मूळ पेशीतून आलेल्या असतात म्हणून मुख्य बदल सारखेच निघतात. तरी भरपूर ट्यूमर असलेला ब्लॉक पॅथॉलॉजिस्टकडूनच निवडून घ्या.

ब्लॉक संपला असेल किंवा आजार उलटून परत बायोप्सी झेपणार नसेल तर रक्ताची टेस्ट जरूर करा. मुलीबाळींना धोका आहे का ही आनुवंशिक तपासणी पण रक्तावर होते, पण ती वेगळी, दोन्हींची गल्लत करू नका.

टेस्ट झाली की उरलेला ब्लॉक आठवणीने परत मागा. आमचा मावशीच्या फायलींसोबत कपाटाच्या खालच्या कप्प्यात आहे, उन्हापासून लांब.