ज्युपिटर-९ की निक्कॉर १०५: दोन जुन्या पोर्ट्रेट लेन्स, एक डिजिटल कॅमेरा

मिररलेस (आत आरसा नसलेल्या डिजिटल) कॅमेऱ्यावर हाताने फोकस करायची जुनी पोर्ट्रेट लेन्स लावायची, हे तुमचं ठरलंय असं धरून चालतो. डोळा शोधून देणारं ऑटोफोकस असताना हा उपद्व्याप कशाला, हे घरच्यांनी विचारून झालं असेलच. त्याचं पटेल असं उत्तर मलाही अजून देता आलेलं नाही.

माझ्या यादीत सुरुवातीला चार नावं होती. हेलिओस ४४-२ पहिली गळाली. तिची गरगरणारी पार्श्वभूमी पहिल्या आठवड्यात वेड लावते आणि दुसऱ्या महिन्यात डोक्यात जाते. शिवाय ५८ मिलिमीटरने चेहरा फ्रेमभर हवा असेल तर समोरच्याच्या इतकं जवळ जावं लागतं की तो आपोआप मागे सरकतो. सुपर टाकुमार ५० एफ १.४ (आधी फोकल लेंथ मिलिमीटरमध्ये, मग एफचा आकडा; तो जितका लहान तितकं प्रकाश आत यायचं भोक मोठं) हातात धरायला सुरेख, पण बऱ्याच प्रतींमधल्या थोरियमयुक्त काचेने वयपरत्वे पिवळी झाक धरलेली असते (अतिनील प्रकाशात ठेवली की ती बरीच उतरते), आणि काही झालं तरी ती पन्नासचीच. उरल्या दोन: एम४२ आट्यांची (कॅमेऱ्याला स्क्रूसारखी फिरवून बसवायची) सोव्हिएत ज्युपिटर-९, ८५ एफ २, आणि निकॉनची निक्कॉर १०५ एफ २.५, एआय-एस (हाताने फोकस करायच्या मालिकेतली). निर्णय होईना म्हणून दोन्ही घेतल्या. तुम्ही तसं करू नका, यासाठीच हे लिहितोय.

गंमत म्हणजे दोघींचं गोत्र एकच. ज्युपिटर ही कार्ल झाइसच्या युद्धापूर्वीच्या ८५ एफ २ सोनारची सोव्हिएत आवृत्ती. हा सोनार दागिन्यांचा नव्हे, लेन्सच्या रचनेचा. लुडविग बेर्टेले यांनी रचलेला, तीन गटांत सात काचांचा. निक्कॉर १०५ देखील १९५९ साली निकॉन एफ बरोबर आली तेव्हा सोनार पद्धतीचीच होती. १९७१ मध्ये तिची रचना बदलून गाउस पद्धतीची, चार गटांत पाच काचांची झाली. माझी ती नंतरची. त्यामुळे इथे जे काही निक्कॉरबद्दल म्हणतोय ते १९७१ नंतरच्या प्रतींपुरतं समजा.

एफ २ आणि एफ २.५ यांत किती फरक पडेल यावर मी बरेच दिवस घालवले. मग एकदा कागदावर भागाकार केला. ८५ ला २ ने भागलं तर ४२.५, १०५ ला २.५ ने भागलं तर ४२. प्रकाश आत येतो ते भोक, म्हणजे ॲपर्चर, दोघींचं जवळपास सारखंच. म्हणजे चेहरा फ्रेममध्ये तेवढाच ठेवला तर लांबची पार्श्वभूमी दोघींत जवळपास सारखीच विरघळते. सर्वांत जवळून फोकस ज्युपिटरचा ०.८ मीटरवर, निक्कॉरचा १ मीटरवर. त्या अंतरांवर चेहरा दोघींत जवळजवळ सारखाच मोठा दिसतो. उरतो तो प्रश्न तुम्ही माणसापासून किती लांब उभे राहणार एवढाच. सेन्सर एपीएस-सी (फुल फ्रेमपेक्षा छोटा) असेल तर मात्र हे थोडं मनावर घ्या: १०५ तिथे १५७ सारखी वागते आणि छोट्या खोलीत तुमची पाठ भिंतीला लागते.

आता ज्युपिटरच्या बाजूने, मनापासून. उघड्या ॲपर्चरवर तिच्यातून दिसणारी कातडी मी दुसऱ्या कुठल्याही लेन्समध्ये पाहिलेली नाही. धूसर म्हणावं तर पापण्या सुट्या दिसतात, तीक्ष्ण म्हणावं तर गालावर दुधाचा हात फिरल्यासारखं काहीतरी असतं. ॲपर्चरची पाती पंधरा. कितीही बंद करा, भोक गोलच राहतं आणि मागच्या दिव्यांचे ठिपकेही गोल. निक्कॉरची पाती सात. एफ ४ च्या पुढे मागचे दिवे सप्तकोनी होतात आणि एकदा लक्षात आलं की सगळीकडे तेच दिसतात. निक्कॉर एफ २.५ लाच खणखणीत आहे. काही चेहऱ्यांना हे मानवतं, काहींना नाही. ज्या चेहऱ्याला मानवत नाही तो चेहरा ते बोलूनही दाखवतो.

समोरून प्रकाश आला की ज्युपिटर पांढरा पडदा ओढते. कधी तो हवासा असतो, बहुतेक वेळा नसतो. निक्कॉर एआय-एसचं हूड (तिरपा प्रकाश अडवणारी पुढची कडी) अंगातच आहे, पुढे सरकवलं की झालं. यावर जास्त बोलण्यासारखं नाही.

माझं घोडं अडलं ते वेगळ्याच ठिकाणी.

एका ढगाळ दुपारी मावशी खिडकीपाशी बसून चष्मा पुसत होती. मागे पुस्तकांचं कपाट. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ८०० वर बांधलेला, कॅमेरा ॲपर्चर प्रायोरिटीवर (ॲपर्चर मी ठरवायचं, शटरस्पीड कॅमेऱ्याने), ज्युपिटर एफ २.८ वर. मावशी बोलत होती, मी फोकसची रिंग मागे-पुढे करत चाळीसेक फ्रेम काढल्या. व्ह्यूफाइंडरमध्ये सगळं झकास दिसत होतं. रात्री संगणकावर पाहिलं तर पहिल्या दहा फोटोंत कपाट विरघळलेलं, आणि शेवटच्या दहांत पुस्तकांच्या पाठींवरची नावं वाचता येत होती. फोटोच्या नोंदीत ॲपर्चरची जागा रिकामी, लेन्सचं नाव रिकामं. जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्याला जोडणारा अडॉप्टर म्हणजे नुसती धातूची नळी, ती कॅमेऱ्याला काय सांगणार? शेवटी शटरस्पीड ओळीने वाचत गेलो. १/५००, १/५००, १/४००, १/३२०... आणि शेवटी १/१२५. उजेड तर हलला नव्हता. दोन स्टॉप, म्हणजे प्रकाश पाव झालेला. २.८ वरून निघून मी न कळत ५.६ ला पोचलो होतो.

झालं होतं असं. ज्युपिटरच्या ॲपर्चरच्या रिंगा पुढच्या टोकाला असतात, आणि त्यातली एक कुठेही न अडकता, टक् न करता सरकते. लेन्सला डाव्या हाताचा आधार दिला की बोटं नेमकी तिथे जातात. जुन्या एसएलआरवर (आरशातून दाखवणाऱ्या कॅमेऱ्यावर) हे खपून जायचं, कारण ॲपर्चर बंद होत गेलं की व्ह्यूफाइंडर अंधारायचा आणि माणूस सावध व्हायचा. मिररलेसचा इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर भला माणूस आहे, तो अंधार भरून काढतो. त्यामुळे चूक होताना दिसत नाही, आणि नंतर नोंदीतही सापडत नाही. लेन्स त्या काळाची, कॅमेरा या काळाचा. दोघांच्या मधल्या फटीत माझे तीस फोटो गेले.

जाणकार म्हणतील, अरे, ती प्रीसेट लेन्स आहे (एक रिंग मर्यादा ठरवते, दुसरी तिथपर्यंत ॲपर्चर बंद करते), प्रीसेटची रिंग १६ वर ठेवून कोण काम करतं? बरोबर आहे, मीच करत होतो. प्रीसेट २.८ ला लावली की दुसरी रिंग त्याच्या पुढे बंद होत नाही. पण उघडी होते. मग २.८ ठरवून मधेच २ वर गेलेल्या फ्रेम मिळतात. कपाट शाबूत विरघळतं, पण डोळ्यांवर ती दुधी साय येते जी त्या दिवशी नको होती. शिवाय सोनार घराण्यात ॲपर्चर बदललं की फोकसची जागाही थोडी सरकते, म्हणून उघडं ठेवून फोकस करा आणि मग बंद करा ही जुनी रीत इथे चालत नाही. ज्या ॲपर्चरला फोटो काढायचा त्यालाच फोकस करावा लागतो. आणि ॲपर्चर बदलायचं म्हणजे दोन रिंगांचा खेळ, डोळा काढून.

निक्कॉरची ॲपर्चर रिंग मागे, कॅमेऱ्याला लागून असते. टक् आवाज करून बसते आणि बसली की बसली. नोंदीत तिचंही ॲपर्चर उमटत नाही, पण जिथे ठेवली तिथेच ती सापडते, त्यामुळे नोंदीची गरज पडत नाही. काम करताना अंगठ्याने टक् मोजत जातो; डोळा व्ह्यूफाइंडरवरून उचलावा लागत नाही. एवढीशी गोष्ट, पण समोर माणूस बोलतोय आणि तुम्हाला त्याच्याकडे बघायचंय, अशा वेळी ही एवढीशी गोष्टच सगळं असते.

फोकसचंही थोडं तसंच. पीकिंगचे (फोकसमध्ये आलेल्या कडा दाखवणारे) रंगीत ठिपके कॉन्ट्रास्ट शोधतात. ज्युपिटर एफ २ ला मवाळ, त्यामुळे ठिपके एकतर येत नाहीत किंवा नाकापासून कानापर्यंत सगळीकडे चमकतात. पापणीवर नेमका फोकस हवा तर चित्र मोठं करूनच बघावं लागतं. निक्कॉरवरही मी मोठं करूनच खात्री करतो, पण तिथे पीकिंग निदान शेजारच्या घरापर्यंत तरी पोचवतं. त्यात माझ्या ज्युपिटरचं ग्रीस घट्ट झालेलं. रिंग फिरवायला जोर लागतो, जोर लावला की पकड वाढते, पकड वाढली की पुढची ॲपर्चर रिंग सरकते. एका दुरुस्तीवाल्याकडून ग्रीस बदलून घेतलं. तिच्यातले दुहेरी आटे परत जुळवणं भल्याभल्यांना अवघड जातं असं ऐकून होतो, तेच झालं: लेन्स मऊ फिरायला लागली, पण आता तिचा फोकस अनंतापर्यंत, म्हणजे फार लांबच्या गोष्टींपर्यंत, पोचत नाही. चेहऱ्यांसाठी चालतं म्हणून गप्प बसलो.

बाकीच्या गोष्टी भराभर. एम४२ अडॉप्टरवर लेन्स घट्ट झाली की खुणेची रेघ कधी वर, कधी कडेला येते. निक्कॉरची नेहमी माथ्यावर. बहुतेक कॅमेऱ्यांत ‘लेन्सशिवाय शटर चालू द्या’ ही सेटिंग असते, ती शोधून ठेवा, नाहीतर पहिल्या दिवशी कॅमेरा बिघडला असं वाटतं. बॉडीत स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) असेल तर फोकल लेंथ हाताने भरा, आणि लेन्स बदलली की न चुकता बदला. १०५ लावून ८५ चा आकडा तसाच ठेवायची चूक मी अजूनही करतो. घेताना टॉर्च लावून काचेत बुरशी आणि धुरकटपणा पाहा. पात्यांवर तेल दिसलं तर घाबरू नका, मिररलेसवर ॲपर्चर आधीच बंद असतं, त्याला क्षणात मिटायचं नसतं. भाव मात्र त्या नावाने जरूर करा. ज्युपिटरमध्ये प्रतीप्रतीत फरक फार, त्यामुळे माझ्या प्रतीवरून सगळ्यांचा न्याय करणं बरं नव्हे. निक्कॉरच्या मी तीन प्रती वापरून पाहिल्या, तिन्ही सारख्या निघाल्या.

तेव्हा, स्टुडिओत, स्टँडवर कॅमेरा, समोरचा माणूस स्थिर आणि तुमच्याकडे वेळ असेल तर ज्युपिटर जरूर घ्या. तो गालावरचा दुधाचा हात निक्कॉरमध्ये नाही, आणि कुठल्या सॉफ्टवेअरने तो मला तरी जमलेला नाही. माणसं बोलत, हलत, उठत-बसत असतील तर मी निक्कॉरकडे झुकतो. गेली दोन वर्षं कॅमेऱ्यावर तीच आहे. ज्युपिटर विकलेली नाही. तिच्या दोन्ही रिंगांवर मिळून चिकटपट्टीचा एक तुकडा लावलाय, २.८ वर.

मावशीचे नंतरचे सगळे फोटो निक्कॉरने काढले. तिने फ्रेम करायला मागितला तो मात्र त्याच दुपारचा, १/१२५ वाला. मागची पुस्तकं कुठली ते त्यात वाचता येतं म्हणून.