ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न की जॅग्वार? मुंबईच्या फ्लॅटमध्ये मोठा सिक्लिड पाळण्याआधी

कुर्ल्याच्या रंगीत माशांच्या बाजारात किंवा क्रॉफर्ड मार्केटात सिक्लिड कुळातले हे मासे शेजारी-शेजारी ठेवलेले दिसतात. सगळे दोन-तीन इंचांचे, सगळेच गोंडस. घरी येऊन वर्ष-दीड वर्ष नीट खाल्लं की ऑस्कर फूटभर होतो, फ्लॉवरहॉर्न त्याच्या आसपास पोचतो आणि जॅग्वारचा नर दोघांच्याही पुढे जातो. त्यानंतर दहा-बारा वर्षं हा गडी तुमच्या हॉलमध्ये मुक्कामाला असतो. दहावीच्या सुट्टीत मुलाने हट्टाने आणलेला मासा, मुलगा नोकरीला लागला तरी आईच सांभाळतेय, अशी घरं मला माहीत आहेत.

‘यातला सगळ्यात भांडखोर कोण?’ हे सगळे विचारतात. मला तो प्रश्न दुय्यम वाटतो. भांडखोर सगळेच आहेत, आणि एका टाकीत एकच मासा ठेवला की भांडण बऱ्यापैकी मिटतं. मुंबईत निवड ठरते ती लादीवर आणि नळाला येणाऱ्या पाण्यावर.

आधी वजन

चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीत काठोकाठ २५५ लिटर पाणी मावतं. रुंदी-उंची दोन-दोन फूट केली की तेच ४५० लिटर होतं. म्हणजे नुसत्या पाण्याचं वजन साडेचार क्विंटल. काच, स्टँड, दगड धरून ते सहाशे किलोला टेकतं, तेही जेमतेम आठ चौरस फुटांवर. राहत्या खोलीच्या स्लॅबसाठी आपल्याकडच्या मानकात वापराचा भार चौरस मीटरला साधारण २०० किलो धरतात, आणि आठ चौरस फूट म्हणजे पाऊण चौरस मीटरही भरत नाही. टाकी भरली की स्लॅब खाली आला असं होत नाही, कारण भार आजूबाजूला पसरतो. पण टाकी भिंतीला लागून, बीमच्या जवळ हवी, खोलीच्या मधोमध नको. बाल्कनी आत घेऊन वाढवलेल्या हॉलचा तो बाहेरचा तुकडा तर अजिबात नको. उजेड छान येतो म्हणून नेमकी तिथेच सगळ्यांना टाकी ठेवायची असते. लाकडी तुळयांवरच्या जुन्या चाळीत या आकाराचा विचारच सोडा.

सहा फुटी टाकी हा वेगळाच प्रकार. बहुतेक इमारतींच्या लिफ्टमध्ये ती शिरत नाही. मग एकतर चार माणसं लावून जिन्याने चढवायची, नाहीतर कारागीर घरी बोलावून जागेवरच काचा चिकटवून घ्यायच्या आणि सिलिकॉन वाळेपर्यंत काही दिवस हॉलमधून आडवं चालायचं.

मग पाणी

महापालिकेचं पाणी भातसा, तानसा, वैतरणा अशा सात तलावांतून येतं. पावसाचं साठलेलं पाणी, त्यामुळे क्षार कमी. ऑस्कर मूळचा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. त्याला हे पाणी मानवतं. जॅग्वार, रेड डेव्हिल आणि ज्यांच्या संकरातून फ्लॉवरहॉर्न निघाला ते मासे मध्य अमेरिकेतले, त्यांना थोडं क्षाराचं पाणी बरं. आपल्या पाण्यात ते मरत नाहीत, पण एक घोळ होतो. फिल्टरमधले जिवाणू माशाच्या घाणीतून सुटणाऱ्या अमोनियाचं रूपांतर करताना पाण्यातला क्षार खात जातात. मुळात क्षार कमी, त्यात मासा मोठा आणि खादाड, त्यामुळे दोन-तीन आठवडे पाणी बदललं नाही की पीएच धाडकन खाली येतो, म्हणजे पाणी आम्लधर्मी होतं. जाळीच्या पिशवीत मूठ-दोन मूठ कोरलचे तुकडे घालून ती फिल्टरमध्ये ठेवली की हा त्रास बराच कमी होतो. ऑस्करवाल्यांनीही ठेवायला हरकत नाही.

तुमच्या सोसायटीत बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी मिसळत असेल तर गणित उलटतं. क्षार जास्त, पीएच वर. अशा पाण्यात, त्यातून मे महिन्याच्या उकाड्यात, तेवढाच अमोनिया जास्त विषारी ठरतो. नवी टाकी मुरायला, म्हणजे फिल्टरमध्ये ते जिवाणू वाढायला, महिनाभर लागतो. तोवर मोठा मासा आत सोडायचा नाही. मे महिन्यात तर नाहीच.

दर आठवड्याला निदान एक तृतीयांश पाणी बदलायचं. ४५० लिटरच्या टाकीसाठी म्हणजे १५० लिटर. शहरी पाणीपुरवठ्यात माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात, त्यावरून अंदाज घ्या. जूनमध्ये तलाव खाली गेले, पाणीकपात लागली आणि नळ दिवसातून दोनच तास चालू असला, की घरातल्या बायकांचा या माशावरचा राग समजण्यासारखा असतो. दोनशे लिटरचं एक पिंप ठेवायला जागा नसेल, तर मोठ्या सिक्लिडच्या फंदात पडू नका. पिंपात पाणी भरून रात्रभर हवेचा दगड (पंपाच्या हवेचे बुडबुडे सोडणारा) चालू ठेवला की क्लोरीन बहुतेक उडून जातं. घाई असेल तेव्हा अँटी-क्लोरीनचे थेंब आहेतच.

ऑस्कर

स्वभावाने यातला सगळ्यात माणसाळणारा. दार उघडलं की काचेपाशी येतो, घरातल्या माणसांत खायला घालणारा कोण हे ओळखतो. टाकीची मांडामांड बदलली किंवा खूप पाणी एकदम काढलं, की तळाशी आडवा पडून राहतो. नवखा माणूस घाबरून दुकानदाराला फोन करतो. शेपटीच्या मुळाशी काळ्या ठिपक्याभोवती केशरी कडं असतं. तो खोटा डोळा पिरान्हासारख्या माशांना चकवण्यासाठी असावा, असं मानतात.

त्याची अडचण घाणीची. खाताना जवळून बघा: गोळी तोंडात घेतो, घशातल्या दुसऱ्या जबड्यांनी चघळतो आणि तिचा भुगा दोन्ही कल्ल्यांतून धुरासारखा बाहेर सोडतो. अर्धं अन्न असं पाण्यात जातं. शिवाय खडे तोंडात धरून एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन टाकणं, थर्मामीटर उपटणं, हीटरवर धडका मारणं हे रोजचं. काचेच्या हीटरला प्लास्टिकची जाळी लावा. झाकणावर वजन ठेवा, कारण तो उडी मारतो. पाणी आणि आहार दोन्ही बिघडले की डोक्यावर बारीक खड्डे पडू लागतात, आणि हा आजार ऑस्करमध्ये फार दिसतो. तोंडात मावेल तो मासा त्याचं खाद्य. मात्र बरोबरीच्या आकाराच्या माशांशी तो त्यातल्या त्यात निभावून घेतो. दोन ऑस्कर ठेवायचे असतील तर सहा फूट धरा.

फ्लॉवरहॉर्न

हा निसर्गात कुठेच नाही. १९९० च्या दशकात मलेशियात मध्य अमेरिकन सिक्लिडांच्या संकरातून तो काढला. अंगावरच्या काळ्या खुणांत चिनी अक्षरं वाचणाऱ्यांनी त्याला नशिबाचा मासा केला आणि आपल्याकडे तो वास्तूच्या वाटेने आला. डोक्यावरच्या टेंगळाला सगळे ‘कोक’ म्हणतात. तो चांगला वाढतो नरांमध्येच.

काचेवरून बोट फिरवा: तो बोटाबरोबर फिरतो, कल्ले फुगवतो, सगळे पर ताणून आडवा उभा राहतो आणि काचेला ठोसा देतो. पाहुण्यांना हे फार आवडतं. पण टाकी साफ करताना तोच ठोसा तुमच्या मनगटावर बसतो. त्याच्याबरोबर दुसरा मासा ठेवायचा नाही, मादीसुद्धा नाही. ‘पॅरट सिक्लिडबरोबर राहतो’ असं दुकानदार सांगतात. राहतोही, एक दिवस राहत नाही तोवर.

पाण्याच्या चुका ऑस्करपेक्षा तो जास्त पोटात घालतो. एकटाच ठेवायचा असल्याने चार बाय दीड बाय दीडची टाकी त्याला पुरते. मुंबईच्या घराच्या हिशोबात ही मोठी जमेची बाजू आहे. खरेदीत मात्र फसगत ठरलेली. पिल्लांना लवकर रंग यावा म्हणून हार्मोन देणारे विक्रेते असतात. घरी आल्यावर महिन्याभरात लाली उतरते. काही जातींमध्ये वाढीच्या काळात मासा राखाडी-काळा पडतो आणि मग तो रंग सालीसारखा उतरून खरा रंग वर येतो, त्यामुळे दोन इंचांच्या पिल्लावरून पुढचं सांगणं कठीण. पाच-सहा इंचांचा, रंग आणि कोक दिसू लागलेला मासा जास्त पैसे देऊन घ्यावा, हे माझं ठाम मत. कपाळावरच्या कोकाने घराचं कर्ज फिटत नाही, पण बघायला मासा देखणा आहे यात शंका नाही.

जॅग्वार आणि रेड डेव्हिल

जॅग्वार हा निकाराग्वातल्या मानाग्वा तलावाच्या नावाने ओळखला जाणारा शिकारी मासा. नर सोळा इंचांपर्यंत सहज जातो. लहानपणी अंगावर नुसते काळे डाग असतात. चित्त्यासारखी नक्षी उमलायला वर्षं लागतात, आणि तोवर बहुतेकांनी तो परत केलेला असतो. ऑस्करसारखा लळा लावत नाही, दबा धरून बसतो. जोडी ठेवली तर नर मादीला मारण्याची शक्यता इतकी, की मधली जाळीची भिंत टाकीबरोबरच विकत घ्यावी. सहा फुटी टाकीशिवाय तो घेऊ नये. रेड डेव्हिल आकाराने थोडा लहान, रागाने तसाच.

चार फुटांतच हौस भागवायची असेल तर ग्रीन टेरर किंवा जॅक डेम्प्सी बघा. आठ-दहा इंचांचे, रंगाला उजवे. डेम्प्सीला १९१९ ते १९२६ पर्यंत हेवीवेट जगज्जेता असलेल्या बॉक्सरचं नाव दिलंय, यावरून स्वभाव कळावा. तरी वरच्या मंडळींपुढे तो सज्जनच. आणि जाता जाता: सिक्लिड आपल्या मातीतही आहे. मालवणात तळून खातात ती काळुंदर याच कुळातली.

खायला काय, खर्च किती

खाण्यात फारसा फरक नाही. चांगल्या गोळ्या, आठवड्यातून एक-दोनदा सोललेली ताजी कोळंबी. सुका जवळा नको. चिकन-मटणाची चरबी पचत नाही. मित्रांना दाखवायला जिवंत गोल्डफिश सोडण्याची हौस असते, ती टाळा. त्यातून रोग येतात, आणि गोल्डफिशमधला एक घटक बी-१ जीवनसत्त्व नष्ट करतो.

पिल्लाची किंमत या सगळ्या खर्चात किरकोळ. पैसे जातात ते टाकी आणि फिल्टरमध्ये. स्पंजचा फिल्टर या माशांना पुरत नाही; टाकीबाहेरचा डब्यासारखा कॅनिस्टर फिल्टर, नाहीतर टाकीखाली पाणी गाळणारी संप टाकी हवी. ३५ वॅटचा पंप चोवीस तास चालला तर महिन्याला २५ युनिट. हीटर मुंबईत डिसेंबर-जानेवारीच्या रात्रींपुरता, किंवा मासा एसीच्या बेडरूममध्ये असेल तर. बॅटरीवरचा हवेचा पंप मात्र घरात असू द्या. मुंबईत वीज जात नाही म्हणता म्हणता १२ ऑक्टोबर २०२० ला ग्रिड कोसळून तासन्‌तास गेली होती, आणि फूटभर माशाला तेवढा वेळ हवेशिवाय काढणं जड जातं.

तर कोणी काय घ्यावं

वन-बीएचके, भाड्याचं घर, दर अकरा महिन्यांनी कराराची धाकधूक: यातलं काहीच नको, फार तर एखादा जॅक डेम्प्सी. स्वतःचं घर, एक भिंत मोकळी, पाण्याची मर्यादा: एकटा फ्लॉवरहॉर्न. पाणी मुबलक, चार बाय दोन बाय दोनला जागा आणि दर रविवारी दोन तास पाईप धरायची तयारी: ऑस्कर, आणि मी स्वतः याच बाजूचा आहे. जॅग्वार तळमजल्यावर सहा फुटी टाकी लावू शकणाऱ्यांनी, तोही पहिला मासा म्हणून नाही. नकोसा झालेला मासा दुकानदार सहसा परत घेत नाहीत, आणि पवईच्या तलावात सोडणं हा पर्याय नव्हे. १९५२ मध्ये देशात आणलेल्या तिलापियाने, म्हणजे आपल्या चिलापीने, तळ्यांमध्ये काय पसारा मांडलाय ते समोर आहेच.

गणपतीला गावी जाणाऱ्यांचा प्रश्न शेवटी येतोच. पूर्ण वाढलेला ऑस्कर किंवा फ्लॉवरहॉर्न आठवडाभर उपाशी सहज राहतो. जॅग्वारची जोडी असेल तर निघण्याआधी मधली जाळी लावून जा. शेजाऱ्यांना चावी द्या ती फिल्टर चालू आहे का एवढं बघायला, आणि खाण्याचा डबा कपाटात कुलपात ठेवा. मासा काचेशी येऊन तोंड उघडू लागला की शेजारच्या काकूंना राहवत नाही.